येरवडा

अमृतसरला दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, जोडाघरात चपला देताना हे घडलं. घडलं म्हणण्याइतकंही ते मोठं नाही. फेब्रुवारीची संध्याकाळ होती, थंडी बोचत होती, आणि खिडकीपलीकडे एक म्हातारे सरदारजी बसले होते. पांढरी शुभ्र दाढी, निळी पगडी, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा. माझ्या कोल्हापुरी चपला त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, आपण प्रसाद घेतो तशा. मांडीवरच्या फडक्यानं एकदा पुसल्या. माझे वडील आज असते तर त्याच वयाचे असते. त्या वयाच्या माणसानं माझ्या चपलांना हात लावावा याचं मला इतकं अवघडलेपण आलं की ते झाकायला मी उगाच मोठ्यानं "सत श्री अकाल" म्हटलं. ते हसले. "कित्थों आए ओ, बेटा जी?" मी म्हटलं, पुणे. मग, उत्तरेत असंच म्हणावं लागतं म्हणून, "पूना." त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग वगैरे काही नव्हता. एवढंच म्हणाले, "यरवडा."

आणि मी हसले.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. येरवडा म्हटलं की आपल्याला आधी वेड्यांचं इस्पितळ आठवतं. शाळेत कुणी वेडेपणा केला की "ह्याला येरवड्याचं तिकीट काढून द्या." घरी आई वैतागली की "तुमच्यापायी मला येरवड्याला जावं लागणार." चाळीस वर्षं हाडात मुरलेला विनोद; तो शब्द कानावर पडला की ओठ आपोआप फाकतात. मला वाटलं, आजोबा पुण्यात कधीतरी राहिले असतील आणि ही आपल्यातली थट्टा त्यांनाही माहीत असेल. म्हणून मी हसले, वर "हां जी, हां जी" असंही म्हणाले. त्यांनी टोकन माझ्या हातात द्यायच्या ऐवजी खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि मागच्या माणसाचे बूट घ्यायला हात पुढे केले.

आत शिरताना पाय धुवायला उथळ वाहतं पाणी असतं. त्या गार पाण्यात पाय पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते इस्पितळाबद्दल बोलत नव्हते. ते तुरुंगाबद्दल बोलत होते.

१९८४ ला सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्यात गोळ्या घालणारे सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आपल्यासाठी ते मारेकरी. पंजाबात अनेकांसाठी ते शहीद. त्यांचे दिवस पाळले जातात, अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, त्यांची आठवण निघते. खून केल्याचं दोघांनी कोर्टात कबूल केलं होतं, पण तो गुन्हा आहे हे मात्र मानलं नाही. ही तारीख मला आठवत नव्हती, हॉटेलवर परत आल्यावर फोनवर शोधावी लागली. तेव्हा मी कॉलेजात होते, त्याच शहरात होते, येरवड्यापासून पाचसहा किलोमीटरवर. त्या दिवशी मी काय केलं, काहीही आठवत नाही. आणि इथे दीडेक हजार किलोमीटरवर बसलेल्या या म्हाताऱ्याला माझ्या गावाचं नाव ऐकल्यावर पहिली गोष्ट तीच आठवली. ते दोघे त्यांचे कोणी लागत होते की नाही, मला ठाऊक नाही. ते शोकानं म्हणाले की अभिमानानं, की नुसतीच ओळख पटवत होते, तेही नाही. ते विचारायची संधी मी हसून घालवली.

नवरा डोक्याला केशरी रुमाल बांधत मागून आला. "काय म्हणाले ते?" मी म्हटलं, काही नाही.

घंटाघराच्या बाजूनं आत गेलं की पायऱ्या उतराव्या लागतात. देवळात जाताना आपण चढतो. इथे वाकून खाली यायचं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की कमानीतून एकदम ते पाणी आणि पाण्यातलं सोनं दिसतं. मी याआधी शंभर फोटो पाहिले होते, तरी श्वास अडकला. संगमरवर इतका गार होता की टाचा बधिर झाल्या. लोक जाजमावरून चालत होते, म्हाताऱ्या बायका सरोवराचं पाणी ओंजळीनं डोळ्यांना लावत होत्या, कडेला लालसर मोठे मासे सुस्त तरंगत होते. कीर्तनाचा आवाज सगळीकडून सारखाच येत होता, कुठूनही जवळ नाही, कुठूनही लांब नाही. अशा जागी माणसानं हात जोडावेत आणि गप्प बसावं. पण मी पायऱ्या मोजत होते. कारण ५ जून १९८४ च्या रात्री दहा वाजल्यानंतर १० गार्ड्स आणि १ पॅरा या पलटणींचे जवान याच बाजूनं उतरले आणि दोन्हीकडून त्यांच्यावर गोळ्या आल्या. परिक्रमेभोवतीच्या भिंतींना जमिनीलगत भोकं पाडून तिथे मशीनगन बसवल्या होत्या. त्यामुळे बऱ्याच जवानांना गोळ्या लागल्या त्या पायांना. ही आखणी मेजर जनरल शाबेगसिंगांची. १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला लढायला शिकवणारा, नंतर निवृत्तीच्या एक दिवस आधी सैन्यातून काढून टाकलेला हा अधिकारी शिखांच्या धर्मपीठाच्या, अकाल तख्ताच्या, आत बसला होता. बाहेरून हल्ल्याचं नेतृत्व करणारे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार, तेही शीख. त्यांच्या वरचे लेफ्टनंट जनरल रणजितसिंग दयाल, १९६५ ला हाजीपीरची खिंड जिंकणारे, तेही शीख. एकाच शाळेत शिकलेली माणसं एकमेकांचे डाव ओळखून त्या पाण्याच्या काठी लढली.

जून १९८४ मध्ये मी पाचवीत गेले होते. आमचं घर खडकीला, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. शाळा नुकतीच सुरू होणार होती, पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचं काम चालू होतं, आणि घरभर डिंकाचा आणि पहिल्या पावसानं भिजलेल्या मातीचा वास. रेडिओ लावलेला असायचा. सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं, ही बातमी आली तेव्हा वडिलांच्या हातातली कात्री थांबलेली मला दिसते. मग शेजारचे काका आले, आणखी दोघे आले, आणि लाकडी खुर्च्यांवर बसून मोठ्या माणसांनी सरकारला शाबासकी दिली. "फार माजले होते." "बाईंनी करून दाखवलं." लष्करप्रमुख मराठी माणूस आहे, अलिबागचा आहे, याचाही उल्लेख झाला, जणू अर्धं काम आमच्याच वाड्यातून झालं. आजी स्वयंपाकघराच्या दारात वाती वळत बसली होती. ती मध्येच म्हणाली, "मग ते जवान बूट काढून गेले का रे आत?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. मोठी माणसं हसतात म्हणजे हसण्यासारखंच असणार.

आजीला राजकारण कळत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिथे जो ग्रंथ ठेवलाय त्यात आपला नामदेव आहे. एकसष्ट पदं आहेत, हा आकडा मला खूप नंतर कळला. तिला आकड्याची गरज नव्हती. वारीला गेलेली बाई ती. पंढरपूरला महाद्वारात नामदेवाची पायरी आहे, आत जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्या अंगावर पडावी म्हणून त्यानं मागून घेतलेली, हे तिनं मला कितीदा सांगितलं असेल. पायरीवर पाय द्यायचा नाही, वळसा घालून जायचं, हात लावून कपाळाला लावायचा. आता जोडाघरात पाहिलं तर लोक जोड्यांवरून हात फिरवून तोच हात कपाळाला लावत होते. पंढरपूरची पायरी सोडून तो शिंपी इतक्या लांब पंजाबात घुमानला येऊन वीसेक वर्षं राहिला, तर त्याला इथे फार परकं वाटलं नसावं. २०१५ मध्ये साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्याकडे पुष्कळ लोकांनी नाकं मुरडली, एवढ्या लांब कशाला म्हणून. आजी असती तर पहिल्या गाडीत बसली असती.

तर, बूट. नंतरच्या वर्षांत या विषयावरचं जे हाती लागेल ते मी वाचत गेले आणि प्रत्येक वेळी आजीचा प्रश्न पुन्हा समोर आला. शिखांच्या तक्रारीत रणगाड्यांइतकेच बूट येतात. परिक्रमेत बूट घालून फिरणारे जवान, तिथे ओढलेल्या सिगारेटी. शत्रूच्या गोळ्या खात आत शिरलेल्या पोराला बूट काढ म्हणून कोण सांगणार, हे मलाही कळतं. सरकारच्या श्वेतपत्रिकेप्रमाणे त्र्याऐंशी जवान गेले, अडीचशेच्या आसपास जखमी झाले. ते गरीब घरचे मुलगे होते, मद्रासचे, कुमाऊँचे, बिहारचे, गढवालचे, आणि आपण काय करतोय हे त्यांना कुणी विचारून पाठवलं नव्हतं. पण चूक कबूल केली की शीख माणसाला शिक्षा काय मिळते? भांडी घासायची, जोडे पुसायचे. १९८६ मध्ये मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नालांनी मंदिरात पोलीस पाठवले, तर त्या मुख्यमंत्र्याला धर्माच्या आज्ञेवरून भाविकांचे जोडे पुसत बसावं लागलं होतं. इतकं ज्यांच्याकडे पायातल्या जोड्याला महत्त्व, तिथे आजीचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. आमच्या त्या खोलीत बहुधा तेवढी एकटीच मुद्द्याचं बोलत होती.

परिक्रमेत एका ठिकाणी पाणी देणारे उभे होते. स्टीलची वाटी भरून हातात देतात. पाणी पिताना मला जूनचा उन्हाळा आठवला. पंजाबात जूनमध्ये छबील लागते. दूध, पाणी, साखर, गुलाबाचं सरबत, बर्फ. रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून पाजतात, मोटारी अडवून पाजतात. गुरू अर्जनदेवांना तापलेल्या तव्यावर बसवून अंगावर तापलेली वाळू ओतली गेली, त्या शहादतीची ती आठवण. १९८४ ला तो दिवस ३ जूनला होता. गावोगावचे लोक पोरंबाळं घेऊन आले होते, आणि त्याच दिवशी पंजाबभर संचारबंदी लागली, गाड्या थांबल्या, फोन तुटले, बातमीदारांना हाकलून दिलं. आत आलेले आतच राहिले. आदल्या रात्री पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून रक्त सांडू नका, द्वेष सोडा, असं आवाहन केलं होतं. लष्कर तोवर वाटेवर होतं. मग तो उकाडा, पाण्याची टाकी गोळ्यांनी फुटलेली, तापलेल्या फरशीवर प्रेतं. वाचलेल्यांच्या आठवणींत तहान फार येते. सगळ्यांना पाणी पाजायच्या दिवशी आलेली माणसं पाण्यासाठी तडफडली. हा दिवस कुणी निवडला? दिल्लीतल्या एकाही माणसाला पंचांग पाहावंसं वाटलं नाही, की पाहिलं आणि तरीही? मला दोन्ही शक्यता सारख्याच भयंकर वाटतात.

आता कुणी म्हणेल, आणि माझा नवराच म्हणतो, की दुसरी बाजू सांग. सांगते. अकाल तख्त ही काही किल्ल्यासारखी वापरायची जागा नव्हती. सहाव्या गुरूंनी बांधलेलं ते न्यायासन. डिसेंबर १९८३ मध्ये शीख अतिरेक्यांचे पुढारी भिंद्रनवाले तिथे राहायला गेले आणि वाळूच्या पोत्यांनी त्याच्या खिडक्या बुजल्या. त्याच्या आठ महिने आधी, २५ एप्रिलला, डीआयजी अवतारसिंग अटवाल इथे माथा टेकून, हातात प्रसाद घेऊन बाहेर पडत होते. त्यांना पायऱ्यांवर गोळ्या घातल्या आणि शिखांच्याच त्या पोलीस अधिकाऱ्याचं प्रेत कितीतरी वेळ तिथेच पडून राहिलं, कारण उचलायला जायची पोलिसांची हिंमत नव्हती. ऑक्टोबरात ढिलवांजवळ बसमधून हिंदू प्रवासी निवडून उतरवून मारले. पंजाबातले संपादक लाला जगत नारायण यांचा खून त्याआधीच झाला होता. पंजाबातल्या हिंदूंच्या घरात संध्याकाळी दारं लावून घेतली जात होती, तेही खरंच होतं. पण हे सगळं आभाळातून पडलं नव्हतं. चंदीगड, नद्यांचं पाणी, राज्यांचे अधिकार, आनंदपूर साहिबच्या ठरावातल्या मागण्या, यांवर अकाली दलाचे लोक हजारोंनी तुरुंगात जात होते आणि दिल्ली चर्चा लांबवत होती. अकालींना शह द्यायला याच भिंद्रनवाल्यांना काँग्रेसमधल्या काहींनी आधी गोंजारलं, हे त्या काळात पंजाबात फिरलेले बहुतेक पत्रकार लिहून गेलेत. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी हरियाणाच्या हद्दीवर प्रत्येक पगडीवाल्याला उतरवून झडती घेतली, त्यात निवृत्त फौजी अधिकारीही सुटले नाहीत. शाबेगसिंगसारखा माणूस आत कसा गेला, याचं उत्तर अशा कुठल्या तरी अपमानात असतं. आपण लाडावलेल्या पोरानं घर पेटवलं की मग पाण्याऐवजी सुरुंग लावायचा, अशातला तो प्रकार.

मे १९८८ मध्ये पुन्हा अतिरेकी याच आवारात होते. तेव्हा वेढा घातला, वीज-पाणी तोडलं, पत्रकारांना गच्चीवरून पाहू दिलं, आणि दहा दिवसांत दोनशेच्या आसपास लोक हात वर करून बाहेर आले. कबूल, तेव्हा आत शाबेगसिंग नव्हते. तरीसुद्धा.

१९८४ ला ६ जूनच्या सकाळी विजयंत रणगाड्यांनी अकाल तख्तावर तोफा डागल्या. त्यांच्या पट्ट्यांखाली परिक्रमेचा संगमरवर फुटला. शीख रेफरन्स लायब्ररी जळाली, हस्तलिखित पोथ्यांसकट; ती लढाईत जळाली की लढाई संपल्यावर, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सरकारनं तख्त घाईघाईनं दुरुस्त करून दिलं, तर शिखांनी १९८६ मध्ये ते पाडलं आणि स्वतःच्या हातांनी नवं बांधलं. आज दिसतं ते तेच. त्याच्या शेजारी २०१३ मध्ये उभं राहिलेलं शहिदांच्या स्मृतीचं गुरुद्वारा आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि आत जावं की नाही ते मला ठरवता येईना. आत माथा टेकणं म्हणजे कुणाकुणाला टेकणं? दोन दिवसांचं कुणाचं बाळ तहानेनं गेलं असेल त्यालाही, आणि भोकांतून पायांवर गोळ्या झाडणाऱ्यालाही. पण आमचे जनरल त्यात नाहीत. त्र्याऐंशी जवान नाहीत. अटवाल नाहीत. मी बाहेरूनच हात जोडले, ते पाहून एका बाईनं माझ्या हातावर कडाह प्रसाद ठेवला, गरम, तुपानं ओघळणारा. मी तो खाल्ला.

वैद्यांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची स्मशानभूमी झाली, त्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडर लेफ्टनंट कर्नल वैद्य होते. पहिलं महावीरचक्र त्यांना तिथलं. दुसरं १९७१ चं. असल उत्तर अमृतसरपासून फार लांब नाही. ते रणगाडे तिथे अडले नसते तर पुढे बियासचा पूल आणि अमृतसरच होतं. म्हणजे ज्या माणसानं एकदा रणगाडे घेऊन हे शहर राखलं, त्याच माणसाच्या कारकिर्दीत एकोणीस वर्षांनी रणगाडे या शहराच्या काळजात शिरले. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. परिक्रमेत चालताना मी मनातल्या मनात ते हिंदीत जुळवत होते, जोडाघरातल्या आजोबांसाठी. बाबाजी, वो यहाँ लड़े थे. पुढचं वाक्य मात्र काही केल्या जुळत नव्हतं.

१० ऑगस्ट १९८६, रविवार. जनरल निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. कॅम्पातून खरेदी करून पत्नीला घेऊन ते घरी निघाले होते, पांढरी मारुती स्वतः चालवत. मोटरसायकलवरून आलेल्यांनी खिडकीतून गोळ्या घातल्या. भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चाललेल्या साठीच्या माणसाला असं मारणं याला मी शौर्य म्हणू शकत नाही, कुणी कितीही अरदास करो. आमच्या गल्लीत दुपारी बातमी पोचली तेव्हा बायका अंगणात उभ्या राहून रडल्या होत्या, माझी आईसुद्धा. आपल्या घरातला कुणी गेल्यासारखं वाटत होतं. पुढे सुखा पिंपरीत मोटरसायकलच्या अपघातात सापडला, तेव्हा तर वडील म्हणाले, "देवच आहे."

आणि मग वडिलांची ती गोष्ट. आमच्याकडे बजाजची स्कूटर होती. तिचं सगळं सामान नाना पेठेतल्या एका सरदारजींच्या दुकानातून यायचं, क्लचची केबल असो, ब्रेकचे लायनर असोत. मीही कितीदा वडिलांबरोबर गेले होते. दुकानात ऑइलचा आणि रबराचा वास, भिंतीवर गुरू नानकांचा फोटो, त्यावर बल्बची माळ. मला लिमलेटची गोळी मिळायची. १९८४ च्या नोव्हेंबरात, दिल्लीत टायर घालून माणसं जाळली जात होती तेव्हा, ते दुकान आठ-दहा दिवस बंद होतं. उघडल्यावर वडील मुद्दाम गेले होते, काही काम नसताना, नुसते चहा पिऊन आले. पण १९८६ च्या त्या रविवारनंतर ते जायचे थांबले. कुणी काही बोललं नाही, घरात ठराव झाला नाही. फक्त केबल शिवाजीनगरहून यायला लागली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नाना पेठेत फार गर्दी असते."

दोनेक वर्षांनी आम्ही दोघं रास्ता पेठेतून येत होतो आणि स्कूटरची क्लच केबल तुटली ती नेमकी त्याच दुकानाच्या अलीकडे. वडील गाडी ढकलत पुढे न्यायला लागले. सरदारजींनी पाहिलं होतं. ते स्वतः बाहेर आले, हातातली केबल वेटोळं सोडवत. पोऱ्याला न सांगता स्वतः रस्त्यावर उकिडवे बसून त्यांनी ती घातली, दोनदा क्लच दाबून पाहिला, हात पुसले. पैसे केबलचे तेवढे घेतले. म्हणाले, "बहुत दिन बाद आए, साहब." वडील म्हणाले, "हां, गाड़ी तकलीफ ही नहीं दे रही थी।"

सरदारजींनी मान हलवली. मला त्या दिवशी गोळी मिळाली नाही. मी मोठी झाले होते.

वडील वाईट माणूस नव्हते. कुणाचा द्वेष करणं त्यांच्या अंगातच नव्हतं, उलट भिडस्त. मला वाटतं त्यांना त्या माणसासमोर उभं राहून काय बोलावं तेच कळत नसावं. जनरलबद्दल बोलावं तर आरोप केल्यासारखं होईल, न बोलावं तर चोरी केल्यासारखं. त्यापेक्षा शिवाजीनगर बरं. ती दुकानदारी पुढे कुठे गेली माहीत नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

लंगरमध्ये जेवून बाहेर आलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दर्शनी ड्योढीपाशी गर्दी जमली होती, रात्री ग्रंथसाहिबाची पालखी हरिमंदिरातून अकाल तख्ताकडे नेतात. गुलाबपाणी शिंपडत, शिंग फुंकत पालखी आली, आणि खांदा द्यायला पुरुषांची झुंबड उडाली. जो तो एका क्षणाचा खांदा मागत होता. मला आळंदीचा रस्ता आठवला. पालखी माझ्या समोरून गेली तेव्हा मी डोळे मिटले. आत माझ्या गावचा एक शिंपी बसलाय, असं काहीतरी बालिश मनात आलं. बाजूला उभा असलेला नवरा कुजबुजला, "झोपवायला नेतात का?" मी हो म्हटलं. आपल्याकडेही शेजारती असते.

जोडाघराकडे जाताना मी वाक्य पक्कं केलं. फार काही नाही: बाबाजी, मैं समझी नहीं थी, माफ करना. जनरलबद्दल बोलायचं नाही, असल उत्तरबद्दल बोलायचं नाही, बरोबर-चूक काही नाही, फक्त हसल्याबद्दल. टोकन मुठीत घट्ट धरलं होतं, त्याची कडा तळव्यात रुतत होती. खिडकीत मात्र वेगळाच मुलगा होता. विशीचा, दाढी अजून नीट न आलेला, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. मी बाबाजींबद्दल विचारलं. "बाबाजी दी ड्यूटी खतम, कल सवेरे आणगे." आमची जालंधरची बस पहाटेची होती.

त्यानं चपला आणून दोन्ही हातांनी पुढे ठेवल्या. तळांनासुद्धा धूळ राहिली नव्हती. मी पायात सरकवू लागले तेव्हा तोही हसून म्हणाला, "कित्थों आए ओ जी?"

मी तोंड उघडलं. एक क्षण गेला, फार तर दोन. "महाराष्ट्र," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "नांदेड! हजूर साहिब!"

"हां जी," मी म्हटलं, "उधर ही।"

नवऱ्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. मी खाली वाकले आणि चपलेच्या अंगठ्यात बोट नीट बसवत राहिले.